वाचकांचे प्रश्न : फ्यूज बॉक्स बदलायचाय? आधी तो का जळला ते बघू

मिरग लागल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं गाडीच्या वायरिंगची आहेत, आणि त्यातली बरीचशी डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सची. आता गणपती तोंडावर आलेत, गाड्या घाटातून वरखाली करायला लागतील, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हाच विषय घेतलाय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय पण ते लांबवायलाच हवं होतं.

प्रश्न : नमस्कार दादा, माझी डिझेल हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. घर किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर, गाडी बारा महिने खळ्यात उघड्यावर असते. पंधरा दिवसांपूर्वी एसीचा ब्लोअर मधेच बंद पडायला लागला, डॅशबोर्डवर थाप मारली की परत चालू. मग एक दिवस प्लास्टिक जळल्याचा वास आला. इथल्या वायरमनने स्टेअरिंगखालचा फ्यूज बॉक्स उघडून दाखवला तर ब्लोअरच्या ३० अँपिअरच्या फ्यूजचा स्लॉट वितळलेला, आणि फ्यूज मात्र शाबूत! त्याने सध्या बाहेरून एक वायर थेट जोडून ब्लोअर चालू करून दिलाय आणि बॉक्सच बदला म्हणालाय. घरचं पंपाचं वायरिंग मी स्वतः करतो त्यामुळे हात चालतो. नवीन बॉक्स घेऊ की भंगारातला चालेल? आणि बदलताना काय काळजी घ्यायची? — एक वाचक, देवगड

उत्तर : सगळ्यात आधी एक काम आजच करा. ती थेट जोडलेली वायर काढा, किंवा निदान तिच्यात ३० अँपिअरचा फ्यूज असलेला होल्डर आहे का ते बघा. फ्यूज नसेल तर ब्लोअरची वायर आत कुठे सोलली, बॉडीला टेकली, तर तिला थांबवणारं मध्ये काहीच नाही, बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत गालिच्याला लागून, फोमला लागून जाते. चार दिवस उकाडा सहन करा, काच खाली करा, पण ती वायर तशी ठेवून घाट चढू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही उद्गारचिन्ह देऊन लिहिलाय. फ्यूज शाबूत आणि बॉक्स वितळला, असं कसं? बहुतेक लोकांना वाटतं फ्यूज म्हणजे गरम झालं की उडणारी वस्तू. तसं नाही, त्याच्या आतली पट्टी वितळते ती तिच्यातून जाणाऱ्या करंटमुळे. तुमच्या ब्लोअरला समजा २० अँपिअर लागतात, फ्यूज ३० चा, म्हणजे फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. पण फ्यूजचे पाय ज्या पितळी चिमट्यात बसतात तो चिमटा सैल झाला किंवा कळकला, तर त्या जोडावर रेझिस्टन्स तयार होतो. तो किती, तर समजा अर्ध्या दशांश ओहमचा, ०.०५. ऐकायला काहीच नाही. पण उष्णतेचा हिशोब करंटच्या वर्गाने होतो, २० गुणिले २० म्हणजे ४००, गुणिले ०.०५, झाले २० वॅट. वीस वॅट म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी धग, ती नखाएवढ्या जागेत, ब्लोअर चालू आहे तोवर सतत. प्लास्टिक वितळणारच. आणि रेझिस्टन्स वाढला की करंट उलट थोडा कमीच होतो त्यामुळे फ्यूज उडायचा प्रश्नच येत नाही. थाप मारल्यावर ब्लोअर चालू व्हायचा तेव्हाच हा जोड सैल झालेला होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुमचा बॉक्स गुन्हेगार नाही, त्याच्यावर कुणीतरी दुसऱ्याने अन्याय केलाय. तो कोण हे न शोधता नवीन बॉक्स बसवलात तर पुढच्या पावसाळ्यात हाच प्रश्न परत लिहाल. हे मी अनुभवाने सांगतोय, बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांच्या गाडीत मी उत्साहाने नवीन बॉक्स बसवून दिला, पाणी कुठून येतंय ते बघितलंच नाही, पुढच्या श्रावणात तो हिरवा झाला. त्यांचे पैसे गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

तर शोधायचं कुठे. तुमच्या बाबतीत तीन जागा आहेत. पहिली, ब्लोअर स्वतः. डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या मागे त्याची मोटर असते, नऊ वर्षांत त्यात पानं, धूळ, कधी उंदराने आणून ठेवलेल्या सुपाऱ्या सापडतात, आणि खाऱ्या हवेने बुश गंजलेला असतो. मोटर जड फिरली की जास्त करंट ओढते. हाताने पंखा फिरवून बघा, सहज फिरला पाहिजे आणि आवाज नको. जड असेल तर बॉक्सबरोबर मोटरचंही काम काढा. दुसरी जागा, पाणी. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथून पाणी दोन्ही बाजूंच्या नळीवाटे खाली जातं, आणि आपल्याकडे गाडी आंब्याच्या नाहीतर फणसाच्या झाडाखाली लावतात, पानं कुजून त्या नळ्या बुजतात. मग पाणी भरतं आणि वाट मिळेल तिथून केबिनमध्ये उतरतं, पुष्कळ गाड्यांत ते नेमकं ड्रायव्हरच्या बाजूला वायरिंगचा गठ्ठा बॉनेटमधून आत येतो त्या रबरी बुशातून, वायरीवरून ओघळत, फ्यूज बॉक्सवरच. काचेचं सीलंट सुटलं असलं तरी तेच होतं. पायाखालचं मॅट उचला, खालचा गालिचा मुठीत धरून पिळा. ओला लागला तर पाणी आहे. डाव्या बाजूचा ओला असेल तर बहुतेक एसीची ड्रेन नळी बुजलेली असते, तो वेगळा विषय, पण तीही साफ करून घ्या. खात्री करायची तर एकाने बाहेरून काचेवर बादलीने पाणी सोडायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवं पडून बघायचं, पंधरा मिनिटांत समजतं.

तिसरी जागा म्हणजे आपला खारा वारा. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कसं कळकतं हे घरोघरी माहीत आहे, टर्मिनलचं तेच होतं, फक्त इथे मीठ हवेतून येतं. त्यात वीज असली की आणखी बिघडतं. ओलसर मिठाचा थर दोन पिनांच्या मध्ये बसला आणि एका पिनेवर कायम १२ व्होल्ट असले की ती प्लसची पिन झिजत जाते, धातू अक्षरशः विरघळून निघून जातो. म्हणून गाडी उभी असतानाही, चावी काढलेली असतानाही, कायम सप्लाय असलेल्या पिना आधी खराब झालेल्या दिसतात. घराची शाकारणी आपण पाऊस यायच्या आधी करतो, गाडीच्या या जाळ्या आणि नळ्या साफ करायचं कामही त्याच यादीत धरा.

कारण सापडलं, दुरुस्त झालं, आता बॉक्स. जुन्या बॉक्सवर एक स्टिकर किंवा कोरलेला पार्ट नंबर असतो, तो अख्खा, शेवटच्या अक्षरासकट, जुळला पाहिजे. एकाच मॉडेलच्या बेस आणि टॉप व्हेरियंटचे बॉक्स दिसायला सारखे, कपलरही (वायरींच्या टोकाचे प्लास्टिकचे प्लग) बसतात, पण आतल्या पट्ट्यांची जोडणी वेगळी असते. पेट्रोल-डिझेलचाही फरक असू शकतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा बॉक्स नुसता फ्यूज आणि रिलेचा (रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्याने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे की त्यातच बॉडी कंट्रोल मॉड्यूल आहे हे विचारून घ्या. आजकाल बऱ्याच गाड्यांत दोन्ही एकातच असतं, इंडिकेटर, सेंट्रल लॉक, वायपर, कधी चावीची ओळखसुद्धा त्याच डब्यात. तसा असेल तर तो घरी बसवायच्या भानगडीत पडू नका, नवीन आणला तरी स्कॅनरने कोडिंग करावं लागतं.

नुसता फ्यूज बॉक्स असेल तर भंगारातला चालेल का? कोल्हापूरला किंवा मुंबईत कुर्ल्याला जुने पार्ट मिळतात, लोक आणतात, माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण घाटावरच्या, कोरड्या भागातल्या गाडीचा घ्या आणि मागची बाजू उघडून बघूनच घ्या. पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी, प्लास्टिकवर पिवळसर डाग, फ्यूज घालताना हाताला काहीच अडकण न जाणवणं, यातलं एकही दिसलं तर परत द्या. पुरात बुडालेल्या गाड्यांचे पार्टही बाजारात फिरतात, कोपऱ्यात चिखलाची बारीक रेघ असते, ती शोधा. बजेट असेल तर मी नवीनच घ्या म्हणेन, कारण यात वाचलेले पैसे पुढे वायरमनला जातात.

बदलायचा दिवस उघडिपीचा निवडा, किंवा गाडी पडवीत, शेडमध्ये घ्या. डोक्यावर छत्री धरून करायचं हे काम नव्हे. अर्धा दिवस मोकळा ठेवा. ड्रायव्हरची काच खाली करून ठेवा म्हणजे बॅटरी काढल्यावर लॉक पडलं तरी हात आत जाईल, आणि डिकीत काही लागणार असेल तर ते आधीच बाहेर काढा. चावी काढून घरात नेऊन ठेवा, बटण स्टार्टची गाडी असेल तर तर नक्कीच. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढा, बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला अंगठी एकदम टेकली तर ती लालबुंद होते आणि बोट भाजतं, हे घाबरवायला नाही लिहीत, होतं असं. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं. निगेटिव्हच आधी का, तर प्लस काढताना पाना चुकून बॉडीला लागला तर निगेटिव्ह निघालेलं असल्यामुळे ठिणगी पडत नाही. काढलेली वायर फडक्यात गुंडाळून लांब वळवून ठेवा. यानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो. स्टेअरिंगखाली पिवळे कपलर किंवा पिवळ्या पाइपातल्या वायरी दिसतील त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही.

आता फोटो. जितके वाटतात त्याच्या दुप्पट काढा. समोरून फ्यूज दिसतील असा, बाजूने, मागून कपलर दिसतील असा, प्रत्येक कपलर काढण्याआधी एक. झाकणावरच्या चित्रावर विसंबू नका, तुमच्या व्हेरियंटपेक्षा ते वेगळं असू शकतं. प्रत्येक कपलरवर मास्किंग टेपचा तुकडा लावून नंबर घाला आणि तोच नंबर बॉक्सवर मार्करने लिहा. बॉक्स दोन-तीन नट किंवा क्लिपांवर असतो, तो सुटला की खाली ओढून मागची बाजू आपल्याकडे फिरवता येते. कपलर काढताना वायरीला धरून ओढायचं नाही. लॉकची जीभ दाबायची किंवा त्याचा दांडा फिरवायचा आणि कपलरचं अंग धरून सरळ बाहेर काढायचं. नऊ वर्षांचं प्लास्टिक कडक झालेलं असतं, जीभ तुटते, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर घुसवण्याआधी एकदा आत ढकलून मग दाबून बघा, बहुतेक वेळा सुटतो. मेन सप्लायची जाड वायर नटावर असेल तर ती सगळ्यात शेवटी.

इथे एक गोष्ट अशी आहे की जी केली नाही तर बाकीचं सगळं वाया. जळालेल्या स्लॉटच्या मागे जो कपलर येतो त्यातली ब्लोअरची पिन बघा. ती काळपट, तपकिरी झाली असेल, तिची स्प्रिंग मेलेली असेल, वायरीचं इन्सुलेशन शेवटच्या दोन बोटांत कडक होऊन तडकलं असेल. ती जळकी पिन नवीन बॉक्समध्ये खुपसली तर नवीन बॉक्स तिथेच परत वितळेल. तेवढी वायर चांगलं तांबं लागेपर्यंत कापायची, त्याच जाडीचा तुकडा जोडायचा, नवीन टर्मिनल क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबून बसवायचं, वर हीटश्रिंक नळी. दाताने सोलून, पिळून, काळी टेप गुंडाळून केलेला जोड आपल्या हवेत एक पावसाळा टिकत नाही. ही पक्कड तुमच्याकडे नसेल तर एवढ्या एका पिनेसाठी गाडी वायरमनकडे न्या, त्यात कमीपणा काही नाही.

बाकीच्या पिना चांगल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, वाळू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा कथिलाचा मुलामा गेला की खालचं पितळ दुप्पट वेगाने कळकतं. फ्यूज आणि रिले जुन्या बॉक्समधून नवीनमध्ये एकेक करून हलवा, एक काढला की त्याच जागी एक घातला, सगळे काढून वाटीत ठेवायचे नाहीत. ३० चा तो फ्यूज मात्र नवीन घाला, जुन्याचे पाय तापून मऊ झालेले असतात. कपलर टक्क असा आवाज येईपर्यंत बसले पाहिजेत. मेन वायरीचा नट घट्ट हवा पण तो स्टड छोटा असतो, जोर लावलात तर तुटतो.

आणि आता लगेच बॅटरी जोडायची नाही! इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा, एक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटीला, दुसरी त्या सुटलेल्या निगेटिव्ह केबलला. म्हणजे गाडीचा सगळा करंट त्या बल्बमधून जाणार. दारं बंद, सगळं ऑफ. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला किंवा विझला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, कपलर परत तपासा. शॉर्ट असला तरी बल्बमुळे दोनेक अँपिअरच्या वर करंट जात नाही, म्हणजे नवीन बॉक्सला इजा नाही. फक्त या अवस्थेत चावी चालू करू नका. मग बल्ब काढून निगेटिव्ह नीट जोडा.

चावी चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. मग ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचा, लॉक, एकही सोडू नका, ब्रेक लाइटसाठी मागे कुणालातरी उभं करा. शेवटी इंजिन चालू ठेवून ब्लोअर फुल स्पीडला पंधरा मिनिटं लावा आणि त्या फ्यूजच्या प्लास्टिकवर बोट ठेवा. कोमट असेल तर छान. चटका बसला तर थांबा, अजून कुठेतरी जोड कच्चा आहे. घड्याळ, रेडिओची सेटिंग जातील, काच एका दाबात वर जायची बंद झाली तर घाबरू नका, ती बटण धरून परत शिकवावी लागते, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

प्रश्न : मी मालवणात टुरिस्ट गाडी चालवतो. पहाटे धुक्यात आणि पावसात दिसावं म्हणून दोन फॉग लॅम्प लावले, हेडलाइटला पण १००/९० चे बल्ब टाकले. जोडणी आतल्या फ्यूज बॉक्समधूनच केलीय. आता तिथून कधी कधी वास येतो. — एक चालक, मालवण

उत्तर : भाऊ, हिशोब बघा. कंपनीचे बल्ब ६०/५५ चे, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५ वॅट, हाय बीमला दोन्ही मिळून १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. तुम्ही टाकले ते दोन्ही मिळून २०० वॅट, म्हणजे १६-१७ अँपिअर. वर ५५ चे दोन फॉग, आणखी ९ अँपिअर. आतल्या बॉक्समधल्या पट्ट्या, स्विच, वायरी या सगळ्या १० च्या आसपासच्या हिशोबाने केलेल्या, त्यांना तुम्ही २५ ओढायला लावताय. वास येतोय तो त्याचाच. मूळ वॅटचे बल्ब परत लावा. फॉग ठेवायचे तर ठेवा, पण त्यांची वायर थेट बॅटरीपासून घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिले, मग दिवे. आतल्या स्विचकडून फक्त रिलेला इशारा जाईल, त्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. तुमच्या गाडीत रोज दुसऱ्यांची पोरंबाळं बसतात, त्यामुळे हे काम या आठवड्यातच करा, सीझनची वाट बघू नका. आणि ज्या स्लॉटमधून वायर काढली होती तो काळवंडलाय का ते बघा, असेल तर वर देवगडच्या वाचकांना सांगितलंय ते सगळं तुम्हालाही लागू.

प्रश्न : पॉवर विंडो आणि वायपरच्या लाइनचा १५ चा फ्यूज सारखा उडतो. गॅरेजवाल्याने २५ चा टाकला, आता उडत नाही. चालेल ना? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : नाही चालणार. फ्यूज हा मोटरला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. १५ च्या फ्यूजमागची वायर बारीक आहे, तिच्यातून आता २४ अँपिअर गेले तरी कुणी अडवणार नाही, आणि जो दोष १५ चा फ्यूज ओरडून सांगत होता तो तसाच आत आहे. बहुतेक वेळा हा दोष दाराच्या बिजागरीजवळ सापडतो, दार उघडून-मिटून रबरी नळीतल्या वायरी आतल्या आत तुटतात, सोलतात, आणि पाऊस आत गेला की बॉडीला लागतात. ती नळी एका बाजूने काढून बघा. वायपरच्या बाबतीत लिंकेज गंजून जड झालेलं असतं, कोरड्या काचेवर चालवला तरी फ्यूज उडतो. आज १५ चा परत घाला, रंग निळा, उडाला तर उडू दे.

प्रश्न : पुराचं पाणी गाडीत सीटपर्यंत आलं होतं. पाणी ओसरल्यावर फ्यूज बॉक्स हेअर ड्रायरने वाळवला तर चालेल का, की बदलावाच लागेल? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा चिपळूणकरांनी काय सोसलं हे सगळ्या कोकणाला माहीत आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून आधी काळजीच वाटली. गाडी चालू करून बघितली नसेल तर अजिबात बघू नका, चावीही फिरवू नका. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ दिसेल असे फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा, त्यांचा माणूस येऊन बघेपर्यंत काही उघडू नका. पुराचं नुकसान विम्याच्या ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात येतं, नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मिळत नाही. नंतर वायरिंग आपोआप बिघडलं म्हणून केलेला दावा बसत नाही, त्यामुळे हे सगळं पुराचंच म्हणून पहिल्याच फेरीत लिहून घ्या.

ड्रायरबद्दल, वाळवल्याने पाणी जातं, गाळ आणि क्षार राहतात, आणि बॉक्सच्या आत पट्ट्यांचे थर असतात तिथे ड्रायरची हवा पोचतच नाही. दोन-तीन महिने सगळं चालतं आणि मग एकेक गोष्ट बंद पडायला लागते, ती पण आलटून पालटून, त्यामुळे दोष सापडत नाही. सीटपर्यंत पाणी होतं म्हणजे आतला फ्यूज बॉक्स बुडाला किंवा बुडायच्या बेतात होता, माझं मत बदलाच. त्याच्याशी जोडलेले सगळे कपलर मात्र आधी स्वच्छ पाण्याने गाळ निघेपर्यंत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, दोन दिवस वाळवून घ्या. एअरबॅगचा कंट्रोल युनिट गिअरच्या खाली, दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावर असतो, तोही पाण्यात गेला असणार, त्याची तपासणी अधिकृत वर्कशॉपमध्येच, घरी नाही.

प्रश्न : भंगारातला बॉक्स आणून बसवला, नंबर सारखा आहे. आता चावी फिरवली की चावीचं चित्र लुकलुकतं आणि गाडी चालूच होत नाही. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तो इमोबिलायझर आहे, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा. तुमच्या गाडीच्या डब्यात चावीची ओळख साठवलेली होती, नवीन आणलेल्या डब्यात दुसऱ्याच गाडीची ओळख आहे. बॅटरी काढून-जोडून, सेल बदलून काही होणार नाही, उगाच सेल्फ मारत बसू नका. जुना बॉक्स टाकून दिला नसेल तर तोच परत बसवून गाडी चालू होते का बघा, झाली तर खात्री पटली. मग जुना बॉक्स, नवीन बॉक्स, गाडीच्या सगळ्या चाव्या आणि आरसी बुक घेऊन कोडिंग करणाऱ्याकडे जा. काही गाड्यांत जुन्यातला डेटा नवीनमध्ये उतरवता येतो, काहींत वापरलेला डबा परत कोडच होत नाही, त्यामुळे दुकानदाराशी परत घेण्याचं बोलून ठेवा.

प्रश्न : गणपतीला मुंबईहून गाडी घेऊन येतोय, मुलं लहान आहेत. वाटेत फ्यूज गेला तर जवळ काय ठेवू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी झाकण उघडून तुमच्या गाडीत कोणत्या मापाचे फ्यूज आहेत ते बघा, मिनी आणि मोठे एकमेकांत बसत नाहीत. त्या मापाचे १० चे लाल, १५ चे निळे, २० चे पिवळे प्रत्येकी दोन, ३० चा हिरवा एक, आणि फ्यूज काढायचा छोटा चिमटा, तो बऱ्याच गाड्यांत झाकणाच्या आतच खोचलेला असतो. बदलताना गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, चावी बंद. नवीन घातलेला लगेच उडाला तर तिसरा घालू नका. वायपरचा असेल तर पाऊस थांबेपर्यंत धाब्यावर नाहीतर पेट्रोल पंपावर थांबा, हेडलाइटचा असेल तर उजाडेपर्यंत. आणि झाकण उघडल्यावर आत हिरवट दिसलं किंवा जळका वास आला तर निघायच्या आधीच, डोंबिवलीतच, वायरमनला दाखवून घ्या.